मांजराला कच्चं मांस घालताय? मायेचा हा घास घरादाराला महागात पडू शकतो

मुस्लिम मोहल्ल्यांत मांजर नाही असं घर शोधावं लागतं. कुणी हौसेनं पर्शियन पाळतं, कुणाच्या दारात गल्लीतली मनी आपणहून येऊन बसते आणि महिन्याभरात घरचीच होते. रविवारी मटण आणायला गेलं की खाटीकभाई आठवणीनं मूठभर छिछडे वेगळ्या पिशवीत बांधून देतात. चिकनच्या दुकानातून पाय, गळे, पोटा-कलेजी फुकटात किंवा दहा-वीस रुपयांत मिळते. घरी आल्यावर त्यातलं कच्चंच मांजरापुढे टाकलं जातं. मांजर गुरगुरत ताव मारतं आणि आपल्यालाही समाधान वाटतं.

यात गैर काय, असा प्रश्न साहजिक आहे. मांजर वाघाची मावशी. ती उंदीर, चिमण्या मारून कच्च्याच खाते. जंगलात तिच्यासाठी कोण चूल पेटवतं? शिवाय हल्ली मोबाईलवर ‘नैसर्गिक आहार’ म्हणून कच्चं मांस घालण्याचा सल्ला देणारे व्हिडिओ भरपूर दिसतात. पण गेल्या काही वर्षांत देशात आणि परदेशात जे घडलं, ते पाहता या सवयीकडे पुन्हा एकदा बघण्याची वेळ आली आहे. प्रश्न एकट्या मांजराचा नाही. त्याला मांडीवर घेणाऱ्या मुलांचा, घरातल्या गरोदर सुनेचा आणि आजारी दादा-दादींचाही आहे.

मांजर मांसाहारी आहे, यात शंका नाही

आधी एक गोष्ट मान्य करू. मांजराला मांस लागतंच. कुत्रा भाकरी-भातावर काही काळ तग धरेल, मांजर नाही. टॉरिन नावाचा एक घटक मांजराचं शरीर पुरेसा तयार करू शकत नाही. तो मांसातूनच मिळावा लागतो. तो कमी पडला तर मांजराची नजर जाते आणि हृदय कमजोर होतं. म्हणून दूध-चपातीवर मांजर पोसणं हा काही उपाय नाही.

मुद्दा मांस द्यावं की नाही हा नसून ते कच्चं द्यावं की शिजवून, एवढाच आहे.

मांजर उंदीर मारतं तेव्हा तो त्या क्षणाला ताजा असतो. त्यातूनही मांजराला रोग लागतातच, फक्त ते आपल्याला दिसत नाहीत. गल्लीतली मांजरं किती वर्षं जगतात, हे आपण पाहतोच. दुकानातल्या मांसाची गोष्ट आणखी वेगळी. कोंबडी फार्मवरून गाडीत, गाडीतून पिंजऱ्यात आणि पिंजऱ्यातून कापायला येते. वेगवेगळ्या फार्मच्या कोंबड्या एकाच पिंजऱ्यात कोंबलेल्या असतात. एकाच ठोकळ्यावर, एकाच सुऱ्यानं दिवसभर काम चालतं. छिछडे तर बाजूला टोपलीत उन्हा-माश्यांत तासन् तास पडून असतात. माणसांसाठी घेतलेलं मटण आपण धुतो आणि चांगलं रटरट शिजवतो, म्हणून ते आपल्याला बाधत नाही. मांजराच्या वाट्याचं तेवढं आपण शिजवत नाही.

नागपूरच्या वाघांनी दिलेला इशारा

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. माणसांशी संघर्ष झाल्यामुळे या जनावरांना चंद्रपूर भागातून तिथं आणलं होतं. भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत नमुने गेले आणि जानेवारीत निदान आलं : बर्ड फ्लू, म्हणजे एच५एन१ विषाणू. त्यांना हा संसर्ग कोंबडीच्या कच्च्या मांसातून झाला असावा, असा संशय व्यक्त झाला.

त्याच महिन्यात शेजारच्या मध्य प्रदेशात छिंदवाड्यातल्या पाळीव मांजरांत हाच विषाणू सापडला आणि तिथला चिकन-मटणाचा बाजार २१ दिवस बंद ठेवावा लागला. आपल्याकडे उदगीरला कावळे मेले, उरण तालुक्यात कोंबड्या मेल्या. महाराष्ट्राला हा रोग नवा नाही. भारतातली बर्ड फ्लूची पहिली मोठी साथ २००६ मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला आली होती.

मांजराच्या जातीला हा विषाणू विशेष घातक ठरतो. थायलंडमध्ये २००४ साली एका व्याघ्र प्राणिसंग्रहालयात कोंबडीचं कच्चं मांस खाल्लेल्या वाघांत साथ पसरली. तिथल्या ४४१ पैकी १४७ वाघ मेले किंवा त्यांना मारावं लागलं. २०२३ च्या उन्हाळ्यात पोलंडमध्ये अनेक घरांतली मांजरं अचानक दगावू लागली. त्यातली काही तर कधी घराबाहेरही पडलेली नव्हती. संशयाची सुई कोंबडीच्या कच्च्या मांसाकडे वळली. त्याच वर्षी दक्षिण कोरियात सेऊलच्या मांजरनिवाऱ्यांत साथ आली आणि मांजरांच्या खाद्यात विषाणू सापडला. अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये पाकीटबंद, गोठवलेलं टर्कीचं कच्चं मांस खाऊन ऑरेगॉन राज्यातलं एक घरगुती मांजर मेलं. ते मांजरही घरातच राहणारं होतं. पाकिटातला विषाणू आणि मांजराच्या शरीरातला विषाणू एकच निघाला.

म्हणजे महागडं, ब्रँडेड, फ्रोझन असलं तरी कच्चं ते कच्चंच.

मांजराकडून माणसाला बर्ड फ्लू होणं अतिशय दुर्मिळ आहे, त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही. पण माणसाला हा रोग झाला तर तो साधा नसतो. मार्च २०२५ मध्ये आंध्र प्रदेशातली दोन वर्षांची एक बालिका एच५एन१ मुळे दगावली. तिच्या हातात कच्च्या चिकनचा तुकडा दिला गेला होता, अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या. कच्चं चिकन लहान मुलांच्या आसपास असू नये, एवढा धडा तरी त्यातून घ्यायलाच हवा.

मांजर ठणठणीत, पण घर आजारी

बर्ड फ्लू क्वचित येतो. साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर, ई-कोलाय हे जीवाणू मात्र कच्च्या मांसात नेहमीचेच. यांची गंमत अशी की मांजराला बऱ्याचदा काहीच होत नाही. ते खातं, खेळतं, झोपतं. पण त्याच्या विष्ठेतून आणि लाळेतून जंतू बाहेर पडत राहतात. मांजर स्वतःला चाटून साफ करतं, म्हणजे तेच जंतू अंगभर लागतात. मग ते उशीवर बसतं, दस्तरखानाजवळ घुटमळतं आणि मुलं त्याला गालाशी धरतात.

धडधाकट माणसाला यातून जुलाब, उलट्या, ताप येतो आणि चार-पाच दिवसांत उतरतो. पण पाच वर्षांखालची मुलं, वयस्क, मधुमेही, डायलिसिस किंवा कॅन्सरचे उपचार घेणारी माणसं आणि गरोदर स्त्रिया यांच्यासाठी हाच आजार दवाखान्यात दाखल करण्यापर्यंत जाऊ शकतो. शिवाय आता अनेक जंतू नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद देत नाहीत.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. मांजराची ताटली आपण कुठे धुतो? स्वयंपाकघरातल्या त्याच सिंकमध्ये, त्याच घासणीनं. छिछडे कोणत्या सुरीनं कापतो? कांदा-टोमॅटो चिरतो त्याच. कच्चं मांस मांजरानं खाल्लं, पण जंतू कोशिंबिरीतून आपल्या पोटात गेले, असं होतं ते इथेच.

गरोदर सून आणि बिचारं मांजर

आता सगळ्यात नाजूक विषय. घरात गोड बातमी आली की पहिली गदा मांजरावर येते. “मांजर बाहेर काढा, बाळाला धोका आहे,” असं कुणीतरी सांगतं. मग वर्षानुवर्षं घरात वाढलेलं मांजर पिशवीत घालून लांबच्या मार्केटात सोडून दिलं जातं. या भीतीत तथ्य किती, हे नीट समजून घेऊया.

आजाराचं नाव टॉक्सोप्लाझ्मोसिस. तो एका सूक्ष्म परजीवीमुळे होतो. शेळ्या-मेंढ्यांच्या मांसात या परजीवीच्या बारीक गाठी असू शकतात, त्या डोळ्यांना दिसत नाहीत. मांजरानं असं कच्चं मांस किंवा उंदीर खाल्ला की परजीवी त्याच्या आतड्यात वाढतो आणि विष्ठेतून त्याची लाखो अंडी बाहेर पडतात. गरोदरपणात स्त्रीला पहिल्यांदाच ही लागण झाली तर ती बाळापर्यंत पोहोचू शकते. गर्भपात होऊ शकतो, बाळाच्या डोळ्यांवर किंवा मेंदूवर परिणाम होऊ शकतो. धोका खरा आहे.

पण पुढचा भाग फारसा कुणी सांगत नाही. मांजर ही अंडी आयुष्यभर टाकत नाही. साधारणपणे पहिल्या लागणीनंतर एक ते तीन आठवडेच टाकतं. बाहेर पडलेली अंडी लगेच बाधत नाहीत, ती बाधक व्हायला किमान एक दिवस, कधी पाच दिवस लागतात. म्हणजे मांजराची वाळू रोजच्या रोज साफ केली तर धोका खूप कमी होतो. आणि जे मांजर घरातच राहतं, शिकार करत नाही आणि शिजवलेलंच खातं, त्याला ही लागण होण्याची शक्यताच फार थोडी.

उलट माणसाला हा परजीवी बऱ्याचदा अर्धकच्च्या मांसातून, न धुतलेल्या भाजीतून आणि मातीतून मिळतो. आपल्या घरात काय होतं बघा. मांजराला बाहेर काढलं जातं, पण दोन किलो मटण साफ करायला तीच गरोदर सून बसते. कबाबच्या कच्च्या खिम्यात मीठ बरोबर आहे का, हे जिभेवर ठेवून तीच पाहते. मांजराला हाकलल्यानं हा धोका जराही कमी होत नाही. खिम्याचं मीठ पाहायचं तर चिमूटभर तव्यावर भाजून चाखावं. आणि ते नऊ महिने कच्चं मटण हाताळायचं काम घरातल्या दुसऱ्या कुणीतरी, म्हणजे पुरुषांनीही, अंगावर घ्यावं.

काही वेळा ‘टॉर्च’ टेस्टचा रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो आणि घरात रडारड सुरू होते. रिपोर्टमध्ये आयजीजी आणि आयजीएम अशा दोन वेगळ्या नोंदी असतात. फक्त आयजीजी पॉझिटिव्ह असेल तर बहुतेक वेळा ती जुनी, होऊन गेलेली लागण असते. आयजीएमही काही महिने टिकून राहू शकतो. त्यामुळे कागद हातात आला की स्वतः निष्कर्ष काढू नका, स्त्रीरोगतज्ज्ञांकडून नीट समजून घ्या. मांजराला घराबाहेर काढायचा निर्णय तर त्या कागदावरून मुळीच घेऊ नका.

नुसतं मांस म्हणजे पूर्ण आहार नव्हे

जंतू बाजूला ठेवले तरी आणखी एक अडचण उरते. मांजर उंदीर खातं तेव्हा हाडं, काळीज, आतडी सगळंच खातं. आपण घालतो ते नुसतं मांस. त्यात कॅल्शियम अगदी नगण्य आणि फॉस्फरस त्याच्या पंधरा-वीसपट असतो. महिनोन् महिने नुसत्या मांसावर वाढलेल्या पिल्लाचं शरीर मग स्वतःच्याच हाडांतून कॅल्शियम ओढू लागतं. पिल्लू लंगडतं, उडी मारताना पाय मोडतो. लोकांना वाटतं नजर लागली किंवा कुणी मारलं.

रोज कलेजी घालणंही घातक. त्यातलं अ जीवनसत्त्व शरीरात साठत जातं आणि मान, पाठीची हाडं आखडतात. काही कच्च्या माशांत बी-१ जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो. अशी मासळी रोज खाल्ली तर मांजराची मान झुकते, तोल जातो, झटके येतात. कोकणातल्या आणि बंदरावरच्या घरांनी हे लक्षात ठेवावं. मासे शिजवले की तो घटक निकामी होतो.

काही गैरसमज

*फ्रीजरमध्ये ठेवलं की जंतू मरतात.* कडक गोठवल्यावर काही दिवसांत टॉक्सोप्लाझ्माच्या गाठी बऱ्याच अंशी मरतात, हे खरं. पण साल्मोनेला मरत नाही, तो झोपतो आणि मांस वितळलं की जागा होतो. बर्ड फ्लूचा विषाणू तर थंडीत टिकून राहतो.

*मीठ-हळद लावून, व्हिनेगरनं धुऊन घेतलं की झालं.* नाही. जंतू धुऊन जात नाहीत, उलट पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर ओट्यावर पसरतात.

*वरून उकळतं पाणी ओतलं की पुरे.* त्यानं फक्त वरचा थर पांढरा होतो, आतलं कच्चंच राहतं.

*आमचं मांजर पाच वर्षं कच्चंच खातंय, काही झालं नाही.* असेलही. पण घरातल्या पोरांचं पोट वरचेवर का बिघडतं, याचा शोध आपण कधी घेतला आहे का?

मग द्यायचं कसं?

उपाय अवघड नाही, खर्चाचाही नाही. तेच छिछडे, तेच चिकनचे तुकडे साध्या पाण्यात पूर्ण शिजवा. आतला भाग गुलाबी राहता कामा नये. थर्मामीटर असेल तर मांसाच्या मधोमध ७४ अंश सेल्सियस तापमान यायला हवं. कुकरच्या दोन-तीन शिट्ट्यांत हे आरामात होतं. मीठ, मिरची, मसाला काही नको. टॉरिन पाण्यात उतरतं, म्हणून तो पांचट रस्सा फेकू नका, थंड करून मांसावरच घाला. मांजर एरवी पाणी कमी पितं, तेवढंच पाणीही पोटात जातं.

हाडं काढून टाका. शिजलेलं हाड टोकदार फुटतं, घशात किंवा आतड्यात रुततं.

कांदा-लसूण घातलेलं काहीही मांजराला देऊ नका. बिर्याणी, कोरमा, सालन, कबाब यांतलं उरलेलं आपण सहज पुढे करतो, पण कांदा-लसणानं मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. मुख्य जेवण शक्यतो मांजरांसाठीचं संपूर्ण आहाराचं खाद्य असावं आणि उकडलेलं मांस त्याला जोड म्हणून. रोज पाकिटाचं खाद्य परवडत नसेल तर निदान पिल्लांना आणि गाभण मांजरीला तरी ते द्या. घरचंच घालायचं असेल तर कॅल्शियम किती आणि कसं द्यायचं, हे जनावरांच्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या.

मांजराची ताटली, घासणी वेगळी ठेवा. उरलेलं तासाभरात उचला. वाळू रोज साफ करा. गरोदर स्त्रीनं ते काम करू नये, दुसरं कुणी नसेलच तर हातमोजे घालून करावं आणि नंतर साबणानं हात धुवावेत.

बकरी ईदच्या दिवसांत

कुर्बानीच्या तीन दिवसांत कच्च्या मांसाचे तुकडे सगळीकडे असतात. गल्लीतली कुत्री-मांजरंही तो सण साजरा करतात. तेव्हा एक काळजी जरूर घ्या. कलेजी किंवा फोफसात पाण्यानं भरलेले फुगे, पांढऱ्या गाठी दिसल्या तर तो भाग कुणालाही घालू नका. हे फुगे एका फीतकृमीचे असू शकतात. कुत्र्यानं ते खाल्ले की त्याच्या पोटात कृमी वाढतात, विष्ठेतून अंडी बाहेर पडतात आणि ती माणसाच्या पोटात गेली की माणसाच्या यकृतात, फुप्फुसात तसेच फुगे तयार होतात. ऑपरेशनपर्यंत वेळ येते. असा भाग खोल खड्ड्यात पुरा किंवा पालिकेच्या गाडीत द्या. मुक्या जनावरांना वाटा द्यायचाच असेल, आणि द्यावाच, तर एक मोठं पातेलं चुलीवर चढवून उकडून वाटा. मोहल्ल्यातल्या तरुणांनी मनावर घेतलं तर हे सहज होण्यासारखं आहे.

डॉक्टरांकडे केव्हा जायचं?

मांजर खाणं सोडून मलूल पडलं, ताप आला, धाप लागली, नाका-डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, चालताना तोल गेला, झटके आले किंवा अचानक दिसेनासं झालं, तर थांबू नका. त्यानं कच्चं चिकन किंवा मेलेला पक्षी खाल्ला असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. अशा मांजराला मुलांपासून लांब ठेवा, तोंडाला मास्क लावूनच हाताळा. घरातली तापाची गोळी, म्हणजे पॅरासिटामॉल, मांजराला चुकूनही देऊ नका. अर्ध्या गोळीनंही त्याचा जीव जाऊ शकतो. परिसरात कावळे, कोंबड्या एकाएकी मरू लागल्या तर हात न लावता पशुसंवर्धन विभागाच्या १९६२ या हेल्पलाईनवर कळवा.

आपल्याकडे मांजरावर माया करायला कुणी शिकवावं लागत नाही. हजरत अबू हुरैरा यांना तर त्यांच्या नावातच मांजराची सोबत लाभली. मांजराला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईला काय शिक्षा झाली, ती हदीस घरातल्या लहान मुलांनाही ठाऊक असते. पोटभर खाऊ घालणं हा जबाबदारीचा एक भाग झाला. जे घालतोय ते त्याला आणि आपल्या लेकरांना बाधणार नाही, हे पाहणं हा दुसरा. पुढच्या रविवारी छिछड्यांची पिशवी घरी आली की ती आधी कुकरमध्ये जाऊ द्या. मांजर पंधरा मिनिटं पायात घोटाळेल, ओरडेल. ओरडू द्या.